संशोधनाचें अनुदान आणि नियमांची भाषा

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांचा हात यंत्राच्या कळीकडे गेला असेल, अशी मला भीति वाटते. विद्यापीठांतील संशोधनासाठीं मिळणारीं अनुदानें आणि त्यांचे नियम, हा कांहीं संध्याकाळच्या चहाबरोबर ऐकावयाचा विषय नव्हे. तरी थोडा वेळ थांबावें, अशी माझी विनंति आहे. हा विषय वरवर पाहतां हिशेबाचा असला, तरी मुळांत तो माणसांचा आहे. ज्या मातीवर, ज्या पाण्यावर व ज्या संत्र्याच्या बागांवर आपण या भागांत जगतों, त्यांविषयींचें आपलें ज्ञान वाढावें कीं खुंटावें, याचा निकाल पुष्कळदां प्रयोगशाळेंत लागत नाहीं. तो हिशेबाच्या टेबलावर लागतो.

माझें आयुष्य त्याच टेबलाच्या आंतल्या बाजूस गेलें. मी लेखाशाखेंत नोकरी केली आणि आतां निवृत्त होऊन मनीषनगरांत राहतों. वर्धा रोडवरून लोहमार्ग ओलांडला म्हणजे आमची वस्ती लागते. २०२० सालीं पूल आणि भुयारी मार्ग खुला होईपर्यंत आम्हां रहिवाशांना शहरांत जावयाचें म्हणजे रेल्वेच्या फाटकाशीं तिष्ठत उभें राहावें लागे. त्या फाटकाचा आम्हांला मनस्वी कंटाळा होता. परंतु त्याच्याविषयीं एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तें बंद कां आहे, हें लहान मुलालाही ठाऊक असे. गाडी जातांना डोळ्यांना दिसे. आणि ती गेली कीं फाटक उघडणार, याविषयीं कोणाच्या मनांत शंका नसे. नियमाचा जाच झाला तरी त्याचा अर्थ कळत होता. सार्वजनिक पैशाच्या वाटेवर जीं फाटकें आम्हीं लेखाशाखेच्या लोकांनीं उभारलीं आहेत, त्यांच्याविषयीं असें म्हणतां येत नाहीं. तीं बंद कां, कोणासाठीं बंद, आणि उघडणार केव्हां, हें बाहेर उभा असलेल्याला समजत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळदां आंत बसलेल्यालाही समजत नाहीं.

माझ्या शेजाऱ्यांची सून एका महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकविते. काटोल व नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांत डिंक्या नांवाचा रोग पडतो. झाडाच्या बुंध्यांतून डिंक पाझरूं लागतो, मुळें कुजतात आणि पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलें झाड हळूहळू वाळून जातें. या रोगाचें मूळ जमिनींतील एका बुरशींत आहे. ती बुरशी कोणत्या जमिनींत अधिक फोफावते व कोणत्या जमिनींत कमी, हें पाहण्याचें काम या मुलीनें हातीं घेतलें. त्यासाठीं तिनें अर्ज केला, तो मंजूर झाला आणि पैसे जानेवारींत आले. घरांत पेढे वांटले गेले, आम्हांलाही मिळाले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत एका रविवारीं सकाळीं ती मंजुरीचें पत्र घेऊन माझ्याकडे आली. "काका, हें जरा वाचून सांगाल का?" ती म्हणाली. पत्र अकरा पानांचें होतें. तिच्या अडचणी तीन होत्या. घेतलेलें उपकरण अपेक्षेपेक्षां स्वस्तांत मिळालें, त्यामुळें त्या खात्यांत साठ हजार रुपये उरले. ते बागांपर्यंत जाण्यासाठीं जीपच्या भाड्याकडे वापरतां येतील का? दुसरी अडचण अशी कीं, ही बुरशी पसरते ती पावसाळ्याच्या ओलाव्यांत, म्हणून मातीचे नमुने जूनपासून सप्टेंबरपर्यंत घ्यावयाचे. पण प्रवासाचे पैसे तर ३१ मार्चच्या आंत खर्च झाले पाहिजेत. मग करावें काय? आणि तिसरी अडचण: हें सर्व विचारावें कोणाला? महाविद्यालयाच्या कचेरींत तिनें विचारलें होतें. तेथें उत्तर मिळालें, "नियमांत बसत असेल तर करा." तिनें मला विचारलें, "काका, बसत असेल म्हणजे काय? तें बसतें कीं नाहीं, हेंच तर मी त्यांना विचारीत होतें!"

मीं चष्मा लावला आणि तीं अकरा पानें दोनदां वाचलीं. "हा खर्च प्रचलित नियमांच्या अधीन राहील," असें त्यांत चार ठिकाणीं म्हटलें होतें. कोणत्या प्रचलित नियमांच्या, हें एकाही ठिकाणीं नव्हतें. पैसा दिल्लीचा, विद्यापीठ राज्याचें, महाविद्यालय खासगी संस्थेचें! तिघांचेही नियम प्रचलितच. श्रोतेहो, ज्यानें सारें आयुष्य असल्या कागदांत घालविलें, त्या मला तिच्या तीन प्रश्नांपैकीं एकाचेंही निश्चित उत्तर देतां आलें नाहीं. मी तिला एवढेंच म्हणालों, "लेखी विचार, आणि उत्तर येईपर्यंत खर्च करूं नकोस." हा सल्ला हिशेबाच्या दृष्टीनें निर्दोष होता. संशोधनाच्या दृष्टीनें तो निरुपयोगी होता, कारण पैशाचें वर्ष एप्रिलांत सुरू होतें आणि बुरशीचें वर्ष मृगांत.

आतां हे नियम आहेत तरी काय, हें थोडक्यांत सांगतों. भारत सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम प्रथम १९४७ सालीं एकत्र करून प्रसिद्ध झाले. पुढें १९६३, २००५ आणि २०१७ या सालीं ते सुधारून काढण्यांत आले. केंद्राकडून मिळणाऱ्या अनुदानाचा पाया म्हणजे हे नियम. त्यांवर प्रत्येक अनुदान देणारी संस्था आपल्या अटी चढविते, विद्यापीठ आपले ठराव चढवितें आणि महाविद्यालय आपली रूढि चढवितें. अशा चार थरांच्या तळाशीं जे विचार आहेत, ते मात्र अगदीं साधे आहेत. घरचा खर्च पाहणारी कोणतीही गृहिणी ते चटकन् ओळखील.

पहिला विचार असा कीं, ज्या कामासाठीं पैसे दिले त्याच कामाला ते लावावे. किराण्याचे पैसे लुगड्याला लावूं नयेत. म्हणून पैशाचे भाग पाडलेले असतात. त्यांना शीर्षें म्हणतात. उपकरणें विकत घेणें हा एकदांच होणारा, म्हणजे अनावर्ती खर्च. रसायनें, प्रवास, साहाय्यकाचें वेतन हा पुन्हां पुन्हां होणारा, म्हणजे आवर्ती खर्च. दुसरा विचार असा कीं, वस्तु घेतांना चार दुकानें पाहावीं. तिसरा असा कीं, वर्ष संपल्यावर पैसा कोठें गेला तें सांगावें. याच सांगण्याला उपयोगिता प्रमाणपत्र असें भारदस्त नांव आहे, आणि २०१७ च्या नियमांप्रमाणें तें आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आंत द्यावयाचें असतें. चौथा विचार असा कीं, दिलेल्या पैशावर बँकेंत व्याज मिळालें, तर तें आपलें नव्हे; तें सरकारच्या तिजोरींत परत करावयाचें. या चारही गोष्टींत गैर असें कांहीं नाहीं. सार्वजनिक पैसा म्हणजे जो संशोधन करीत नाहीं व कदाचित् कधीं करणारही नाहीं अशा माणसानें दिलेला पैसा. त्याचा हिशेब मागितला जाणें हें योग्यच आहे. म्हणून नियम मोडून टाका, असें सांगावयास मी आलों नाहीं. मी सांगतों तें इतकेंच कीं, चार वाक्यांत सांगतां येण्यासारखी गोष्ट आम्हीं चाळीस पानांत अशी गुंडाळली आहे कीं ती सांपडूं नये.

बरें, हे नियम बदलतही असतात, आणि तो बदल ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. एक उदाहरण देतों. २०१७ च्या नियमांत दरपत्रकें न मागवितां वस्तु घेण्याची मर्यादा २५,००० रुपये होती; आणि तिघांच्या खरेदी-समितीमार्फत घेण्याची मर्यादा २,५०,००० रुपये. पुढें वैज्ञानिक संशोधन करणाऱ्या संस्थांपुरत्या या मर्यादा वाढत गेल्या. आणि जून २०२५ मध्यें केंद्र सरकारनें पहिली मर्यादा २ लाखांवर आणि दुसरी २५ लाखांवर नेली. हेतु हा कीं, संशोधकानें दरपत्रकांमागें धांवण्यांत वेळ दवडूं नये. हेतु उत्तम आहे. परंतु ज्या कचेरींत २०१७ ची छापील प्रत कपाटांत आहे आणि तिच्यावर तारखेची चिठ्ठी नाहीं, त्या कचेरीच्या दृष्टीनें जून २०२५ उजाडलेलाच नसतो. आणि वाढलेली मर्यादा आपल्या पैशाला, आपल्या संस्थेला लागू आहे कीं नाहीं, हा प्रश्न छोट्या महाविद्यालयांतील अध्यापकानें स्वतःच सोडवावयाचा! ज्या मोठ्या संस्थांत स्वतंत्र वित्तविभाग असतो, तेथें हें काम दुसरा कोणी करतो. आपल्या नागपुरांत पर्यावरण-अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आहे, कापसाच्या संशोधनाची मध्यवर्ती संस्था १९७६ पासून आहे. तेथील शास्त्रज्ञाला निदान विचारावयास माणूस आहे. पण गोंदिया, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांतील एखाद्या महाविद्यालयांत विज्ञान शिकविणारा तरुण अध्यापक? त्याचा वित्तविभाग म्हणजे दुपारपर्यंत शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारा आणि दुपारनंतर परीक्षेच्या कामाला जुंपलेला एकच कारकून. दोघांनाही नियम एकच. एकाला तो समजतो, दुसऱ्याला समजत नाहीं. मग एकाला अनुदान मिळत जातें आणि दुसरा पुन्हां अर्ज करीत नाहीं. यालाच आपण पुढें गुणवत्तेंतील फरक म्हणूं लागतों.

दुसरा पुन्हां अर्ज करीत नाहीं, असें मीं म्हटलें. हें मीं ऐकून सांगत नाहीं. त्याला कारणीभूत झालेला माणूस मीच आहें.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मी तेव्हां जेथें होतों, त्या कचेरीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनीं आपल्या प्रयोगासाठीं एक रसायन विकत घेतलें. तें तयार करणारा कारखाना एकच होता, तेव्हां त्यांनीं एकच दर घेतला. तीन दरपत्रकें नाहींत, म्हणून मीं आक्षेप काढला. एकाच उत्पादकाची वस्तु असली तर "विहित प्रमाणपत्र सादर करणें आवश्यक राहील," असें परिपत्रक होतें. आणि तें परिपत्रक लिहिणाराही मीच. प्रमाणपत्र नव्हतें, रक्कम त्यांच्या वेतनांतून वसूल झाली. कांहीं दिवसांनीं ते गृहस्थ माझ्याकडे आले. रागावलेले मुळींच नव्हते. त्यांनीं तें परिपत्रक माझ्यापुढें ठेविलें आणि अत्यंत नम्रपणें विचारलें, "साहेब, यांत विहित प्रमाणपत्र म्हटलें आहे, तें कोणतें? त्याचा नमुना मला मिळेल का? पुढच्या वेळीं चूक नको व्हायला." मीं कपाट उघडलें. जुन्या धारिका काढल्या. सायंकाळपर्यंत शोधलें. श्रोतेहो, तसला नमुना कोठेंच नव्हता. विहित म्हणजे ठरवून दिलेलें. आणि तें कोणीही, कधींही ठरवून दिलेलें नव्हतें. मागच्या परिपत्रकांत तो शब्द होता म्हणून मीं तो पुढच्या परिपत्रकांत उतरवून घेतला होता, इतकेंच.

हें मीं त्यांना त्या वेळीं सांगितलें नाहीं. "पाहून कळवितों," असें म्हणालों. वसूल झालेली रक्कम त्यांना परत मिळाली नाहीं. त्यांनीं पुन्हां कधींही अनुदानासाठीं अर्ज केला नाहीं. उत्तम शिक्षक म्हणून नांव मिळवून ते निवृत्त झाले. त्यांच्या हातून पुढें कोणतें संशोधन झालें असतें हें मी सांगूं शकत नाहीं; पण कोणतें झालें नाहीं, त्याचा हिशेब माझ्या नांवावर आहे.

त्या दिवसापासून एक गोष्ट मला हळूहळू उमगत गेली, आणि तीच सांगण्यासाठीं मी आज आलों आहें. नियम अवघड असतो तो केवळ भाषेमुळें अवघड असतो, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. पुष्कळदां नियम अवघड असतो, कारण तो लिहिणारानें जें ठरवावयास हवें होतें तें ठरविलेलेंच नसतें. आणि न ठरविलेली गोष्ट झांकण्यासाठीं जड भाषेसारखें दुसरें पांघरूण नाहीं.

याचा अनुभव घ्यावयाचा असेल तर एक नियम सोपा करून पाहावा. असल्या पत्रांत हमखास आढळावें असें एक वाक्य मी नमुन्यादाखल रचून सांगतों: "एका शीर्षाखालीं अखर्चित राहिलेल्या रकमेचें अन्य शीर्षाकडे पुनर्विनियोजन सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वानुमतीखेरीज अनुज्ञेय असणार नाहीं." ऐकावयास वाक्य भरीव आहे. आतां हेंच त्या मुलीला समजेल असें लिहावयास घेऊं. "एका कामासाठीं मिळालेले पैसे उरले आणि ते दुसऱ्या कामास लावावयाचे असले, तर आधीं लेखी परवानगी घ्या." येथपर्यंत ठीक. पुढें लिहावयाचें, "ही परवानगी अमुक देतात." आणि येथें लेखणी थांबते. कोण देतात? प्राचार्य? विद्यापीठाचे वित्त व लेखा अधिकारी? कीं दिल्लीची संस्था? पुढें लिहावयाचें, "अर्जाचें उत्तर इतक्या दिवसांत मिळेल." किती दिवसांत? "उत्तर न आल्यास असें समजावें." कसें समजावें? मूळ वाक्यांतील "सक्षम प्राधिकारी" हे दोन शब्द इतके भारदस्त होते कीं, त्यांच्या मागें कोणी उभा आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें आपणांस सुचलेंच नाहीं. सोपें लिहूं लागतांच भोंक दिसूं लागलें. सोपें लिहिणें हा केवळ भाषेचा अलंकार नव्हे. ती नियमाची परीक्षा आहे.

नुसते शब्द बदलून हें साधत नाहीं, याची साक्ष आपल्या मराठीच्या आणि आपल्या नागपूरच्या इतिहासांतही सांपडते. शिवछत्रपतींच्या काळीं राज्यकारभारांतील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. १९४६ सालीं डॉ. रघुवीर लाहोरहून नागपुरास आले आणि इंग्रजी राज्यकारभाराच्या शब्दांना भारतीय प्रतिशब्द घडविण्याचें प्रचंड काम त्यांनीं येथें बसून केलें. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालीं भाषा संचालनालय स्थापन झालें. या प्रयत्नांचें मोल मी कमी लेखीत नाहीं. राज्याचा कारभार लोकांच्या भाषेंत झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह थोरच होता. परंतु "युटिलायझेशन सर्टिफिकेट" न समजणाऱ्या माणसाला "उपयोगिता प्रमाणपत्र" म्हटल्यानें तें समजतें असें नाहीं. त्याला सांगावें लागतें: "पैसे कशावर खर्च केले त्याचा तक्ता, सनदी लेखापालाची सही घ्या, अमुक तारखेच्या आंत अमुक खोलींत द्या, न दिल्यास पुढचा हप्ता अडकतो." शब्द कोणताही असो, हीं चार वाक्यें त्याच्या शेजारीं असलीं म्हणजे झालें.

ही अडचण केवळ आपली आहे, असें समजून खिन्न होण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत सरकारी पैशावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांची पाहणी २००५ आणि २०१२ सालीं झाली. संशोधनासाठीं म्हणून ठेवलेल्या त्यांच्या वेळापैकीं ४२ टक्के वेळ संशोधनाखेरीज कागदपत्रांच्या कामांत जातो, असें त्यांच्या उत्तरांवरून दिसलें. २०१८ च्या पाहणींत हा आंकडा ४४ टक्के झाला. तेथील सरकारनें २०२४ सालीं अनुदानांचे आपले सामाईक नियम सुधारतांना ते साध्या भाषेंत आणणें हाही एक हेतु ठेवला. इंग्लंडांत २०२२ सालीं प्राध्यापक टिकेल यांच्या समीक्षणानें हाच प्रश्न हातीं घेतला. आणि नियम निरनिराळ्या संस्थांचे असले तरी शक्य तेथें एकसारखे असावेत, सोपे असावेत, आणि रक्कम जितकी लहान तितका त्यांचा बोजा कमी असावा, अशा तत्त्वांवर भर दिला. यांतील शेवटचें तत्त्व मला विशेष मोलाचें वाटतें. पन्नास हजारांच्या अनुदानाला आणि पन्नास कोटींच्या अनुदानाला एकच कुलूप लावणें, ही सावधगिरी नव्हे. तो आळस आहे.

येथें माझे जुने सहकारी मला म्हणतील, "आपण आयुष्यभर हेंच केलें; आतां निवृत्त झाल्यावर आपणांस उपरति सुचते! नियम सोपे केले कीं लोक त्यांतून पळवाटा काढतील." मला उलट वाटतें. ज्याला पैसा खावयाचाच आहे तो नियम नीट शिकून घेतो. तीन दरपत्रकें लागतात काय, तो तीन आणून देतो, आणि तिन्ही एकाच टंकावर छापलेलीं असलीं तरी धारिकेंत तीं शोभून दिसतात. अवघड नियमांत अडकतो तो प्रामाणिक, भिडस्त आणि नवखा. चोर सोडून संन्याशाला सूळ, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं बहुधा एखादें लेखापरीक्षण पाहूनच केली असावी. शिवाय सोपा नियम तपासणेंही सोपें असतें. "आधीं परवानगी घ्या" हें स्पष्ट सांगितल्यावरही ज्यानें ती घेतली नाहीं, त्याला जाब विचारतांना तपासनिसाचा हात कांपत नाहीं. माझा त्या दिवशीं कांपला होता.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. कायद्याची भाषा काटेकोर असावी लागते. सोपी करतांना अर्थ निसटेल. हें मान्य. म्हणून मूळ नियम आहेत तसे राहूं द्यावेत. त्यांच्या शेजारीं विद्यापीठानें एक सोपी पुस्तिका ठेवावी. मात्र तिच्यांत एक वाक्य आरंभींच असलें पाहिजे: जो या पुस्तिकेप्रमाणें चालला, त्याच्यावर पुढें वसुली काढली जाणार नाहीं. हें वाक्य नसेल तर पुस्तिका कितीही सुबोध असली तरी व्यर्थ होय. कारण अडचणीच्या वेळीं तिला कोणीच विचारणार नाहीं. आणि हें वाक्य असेल, तर पुस्तिका लिहिणारा आपोआप जपून व स्पष्ट लिहील.

अशा पुस्तिकेला फार पानें नकोत. नियमांच्या क्रमांकांच्या क्रमानें ती लिहूं नये. संशोधकाच्या वर्षाच्या क्रमानें लिहावी. अर्ज करतांना काय लागतें, पैसे आल्यावर पहिल्या आठवड्यांत काय करावें, वस्तु कशी घ्यावी, ती जडवस्तूंच्या नोंदवहींत केव्हां चढवावी, डिसेंबरांत काय पाहावें, मार्चपूर्वीं काय विचारावें. प्रत्येक नियमाखालीं त्याचें कारण एका ओळींत असावें; कारण कळलें म्हणजे माणूस नियम विसरत नाहीं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यांत तारीख असावी. आणि मागील वर्षीं लेखापरीक्षणांत जे दहा आक्षेप वारंवार निघाले, ते नांवें गाळून दरवर्षीं छापावेत. माझ्या अनुभवांत तेच ते आक्षेप पिढ्यान् पिढ्या निघत राहतात, कारण एकाची ठेंच दुसऱ्याला दिसतच नाहीं.

या सर्वांशीं आपला काय संबंध, असें एखादा श्रोता विचारील. आपल्या नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालीं झाली. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० सालीं वारले, तेव्हां त्यांनीं मृत्युपत्रानें आपल्या संपत्तींतील सुमारें ३५ लाख रुपये या विद्यापीठास रसायन व उपयोजित विज्ञान यांच्या शिक्षणासाठीं ठेविले. त्यांतून १९४२ सालीं उभी राहिलेली तंत्रशास्त्र-संस्था २०२३ सालीं स्वतंत्र विद्यापीठ झाली. त्या दात्याचा हेतु कोणत्याही विद्यार्थ्याला समजेल इतका स्वच्छ होता. आज दाता एक नाहीं, आपण सर्व आहों. २०२३ च्या कायद्यानें राष्ट्रीय अनुसंधान प्रतिष्ठान निर्माण झालें, तें विद्यापीठांत व महाविद्यालयांत संशोधन रुजावें या उद्देशानें. आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच खर्च करतो, असें २०२०-२१ चे आंकडे सांगतात. इतक्या थोड्या पैशांतील एखादा रुपया वापरल्यावांचून परत गेला, आणि तो केवळ प्रश्नाचें उत्तर वेळेवर न मिळाल्यामुळें परत गेला, तर तो दात्याचाच अपमान नव्हे काय? भीक नको पण कुत्रा आवर, असें म्हणण्याची पाळी विद्वान् माणसांवर येऊं नये, एवढें तरी आपण पाहिलें पाहिजे.

त्या मुलीचें काय झालें, हें सांगून थांबतों. तिनें लेखी विचारलें. ३१ मार्चपर्यंत उत्तर आलें नाहीं. प्रवासाचे पैसे आणि उपकरणांतून उरलेले साठ हजार, दोन्ही परत गेले. पावसाळ्यांत बारा बागांत जावयाचा तिचा बेत होता. स्वतःच्या खर्चानें ती दोन बागांत जाऊन आली. उरलेल्या दहा बागांतील मातीचा तो पावसाळा आतां कोणालाही परत आणतां येणार नाहीं.

त्यानंतरच्या कांहीं रविवारीं आम्ही दोघांनीं माझ्या गॅलरींत बसून एक कागद तयार केला. एकाच बाजूस मावेल एवढा. पैसे आल्यापासून हिशेब देईपर्यंत काय करावें, हें त्यांत साध्या मराठींत लिहिलें. मात्र जेथें आम्हांला उत्तर ठाऊक नव्हतें, तेथें आम्हीं जड शब्द घातला नाहीं. चौकोन काढून जागा रिकामी सोडली. परवानगी कोण देतें? किती दिवसांत? उत्तर न आल्यास काय? असे तीन चौकोन. प्राचार्यांच्या सहीनें तो कागद वर पाठविला आणि एवढेंच विचारलें, कीं हे तीन चौकोन भरून द्यावेत.

दोन महिन्यांनीं कागद परत आला. तीनांपैकीं पहिला चौकोन भरलेला होता: त्यांत एका अधिकाऱ्याचें पद आणि खोलीचा क्रमांक लिहिला होता. दोन अद्याप रिकामे आहेत. आम्हीं तो पुन्हां पाठविला आहे. आपल्या घरांत, शेजारांत कोणी विद्यापीठांत वा महाविद्यालयांत संशोधन करीत असेल, तर त्यांनाही असाच एक कागद करून पाठविण्यास सांगावें. एकाच प्रश्नाचे रिकामे चौकोन चारही जिल्ह्यांतून येऊं लागले, तर ते भरणें कोणास तरी भागच पडेल.